वाऱ्याचा परवाना

1900 साली यझ्द शहरातल्या एका बड्या झरथुष्ट्री व्यापाऱ्याने शहराच्या सुभेदाराला आणि तिथल्या मुख्य मुज्तहिदाला, म्हणजे ज्याचा शब्द शेवटचा अशा धर्मशास्त्र्याला, घसघशीत नजराणा पोचवला. मोबदल्यात त्याला जहागीर नको होती की पदवी नको होती. स्वतःच्या घरावर, स्वतःच्या पैशाने एक बादगीर बांधू द्या, एवढीच त्याची मागणी होती.

बादगीर म्हणजे वारा पकडणारा मनोरा. मध्य इराणातल्या या शहराच्या मातकट घुमटांवर असे मनोरे दाटीने उभे आहेत आणि यझ्दचं एकही छायाचित्र त्यांच्याशिवाय पुरं होत नाही. व्यापाऱ्याची ही हकिकत लिहून ठेवली ती नेपियर माल्कम या इंग्रज मिशनऱ्याने. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो पाच वर्षं यझ्दला राहिला आणि 1905 साली त्याचं यझ्दवरचं पुस्तक लंडनहून निघालं. माल्कम धर्मप्रसाराला आलेला माणूस. त्याची इस्लामबद्दलची मतं चाळणीतून गाळूनच घ्यावी लागतात. पण बारीकसारीक गोष्टी सालासकट टिपून ठेवायची त्याची खोड फार कामाची आहे. कोणत्या साली कोणाला काय करायची मुभा मिळाली, याची त्याने जवळजवळ वहीच ठेवली.

वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत बादगिराच्या आकृत्या असतात, हवेच्या दिशा दाखवणारे बाण असतात. तो कोणाच्या छपरावर असायचा आणि कोणाच्या नाही, हे त्यांत सापडत नाही. यझ्दचा खरा नकाशा मला या दुसऱ्या प्रश्नात दिसतो.

पण आधी पाणी. कारण वाऱ्याच्याही आधी या गावात पाण्याची वाटणी झाली.

यझ्दच्या एका अंगाला कवीरचं वाळवंट, दुसऱ्या अंगाला लूतचं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटरवर आहे आणि वर्षाकाठी तिथे जेमतेम 50-60 मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत जुलैतला एखादा दिवस याहून जास्त देऊन जातो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून बसतो. नदी नाही, तळं नाही. दक्षिणेला शीरकूह हा चार हजार मीटरहून उंच डोंगर आहे, त्यावर हिवाळ्यात बर्फ पडतं आणि ते वितळून पायथ्याच्या गाळात मुरतं. मुरलेलं पाणी शहरापर्यंत आणायचं, तेही उन्हात वाफ होऊ न देता, हा यझ्दचा शेकडो वर्षांचा उद्योग. त्यासाठी कारीझ खणले गेले. कनात हे त्याचं दुसरं नाव. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर पाण्याला लागेपर्यंत खणायची, तिला मातृविहीर म्हणतात. तिथून गावाच्या दिशेने जमिनीच्या पोटातून अगदी हलक्या उताराचा बोगदा काढायचा आणि हवा आत जाण्यासाठी, माती बाहेर काढण्यासाठी ठरावीक अंतरावर वरून उभे खड्डे पाडत जायचे. पंप नाही, मोट नाही. पाणी आपल्या वजनाने चालत येतं. विमानातून पाहिलं की या खड्ड्यांच्या तोंडांभोवतीची मातीची कडी ओळीने दिसतात आणि खालचा प्रवाह वरून वाचता येतो. यझ्दखालून गेलेला झार्च कारीझ सुमारे 80 किलोमीटर लांब आहे आणि जगातल्या सर्वांत लांब कारीझांत मोजला जातो. 2016 साली युनेस्कोने इराणातले 11 कारीझ जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत हा एक.

हे खणणारे ते मुकन्नी. यझ्दचे मुकन्नी सबंध इराणात नावाजलेले. लांबलांबच्या प्रांतांतून त्यांना बोलावणं येई. दोघंतिघं बोगद्यात, एक वर चरखावर. अंधारात बोगदा वाकडा जाऊ नये म्हणून मागे दोन दिवे ओळीत ठेवायचे आणि पुढे खणणाऱ्याने मागे वळून ते दोन एकावर एक दिसतात का पाहायचं. दिवा मंदावला तर प्राणवायू संपत आला असं समजून वर यायचं. भुसभुशीत जमीन लागली की भाजलेल्या मातीची लंबवर्तुळाकार कडी एकामागे एक बसवत जायचं, नाहीतर छत अंगावर येणार. यायचंही. मुकन्नी पांढरे कपडे घालत. अंधारात पांढरं लवकर दिसतं हे एक कारण सांगतात. दुसरं असं की आत काही झालंच तर कफन अंगावर आहेच.

महाराष्ट्रात हे तंत्र अगदीच अनोळखी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला आणलेली नहर याच कुळातली. शेजारच्या बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आणि बिदरचे करेझही.

पाणी गावात आल्यावर खरी कसरत सुरू होई. पाण्याची मालकी जमिनीपासून वेगळी होती. एखाद्याकडे जमीन नसूनही पाणी असे. ते विकता येई, वारसाला देता येई, मशिदीला वक्फ करता येई. वाटणी वेळेवर चाले आणि वेळ मोजायला तांब्याची एक वाटी असे, तळाला बारीक छिद्र असलेली. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात ती तरंगत सोडायची. भरून बुडाली की एक माप संपलं. हे काम मीराबाचं. मीराब म्हणजे आपल्या फड पद्धतीतला पाटकरीच म्हणा, फक्त हाताशी वाटी घेऊन रात्रभर जागणारा. पाळी दहा-पंधरा दिवसांनी येई आणि ती मध्यरात्री आली तर शेतकऱ्याने मध्यरात्री उठायचं. कोट्यधीश असो की कुळवाडी, वाटी त्याच गतीने बुडायची. अर्थात कोणाच्या वाट्याला किती वाट्या, हे वाटी ठरवत नसे. कारीझ वरच्या अंगाने गावात शिरतो, तिथे पाणी स्वच्छ. तिथे श्रीमंतांच्या हवेल्या. खाली जाता जाता तेच पाणी हमामात, गिरणीत आणि शेवटी शेतात.

यझ्दची जामे मशीद या पाण्यावरच उभी आहे, आणि हे अलंकारिक बोलणं नव्हे. झार्च कारीझ तिच्याखालून जातो आणि अंगणातून पायऱ्या थेट त्या भूमिगत प्रवाहापर्यंत उतरतात. वरती निळ्या टाइल्सच्या प्रवेशकमानीवर दोन मिनार, जवळपास 50 मीटर उंच, इराणातल्या सर्वांत उंच मिनारांत गणले जाणारे. आजची इमारत मुख्यतः चौदाव्या शतकातली. कमान इतकी उंच आणि इतकी अरुंद आहे की समोरच्या गल्लीत उभं राहून ती एका नजरेत मावत नाही. मान मागे टाकावीच लागते. बांधणाऱ्यांना नेमकं तेच हवं असणार.

त्या मानाने अमीर चखमाक चौकातला तिमजली दर्शनी भाग, ज्याची छबी सगळीकडे असते, मला जरा ओव्हररेटेड वाटतो. पंधराव्या शतकात तैमुरी अमलात जलालुद्दीन अमीर चखमाक इथला सुभेदार होता. त्याने आणि त्याची बायको सित्ती फातिमा हिने इथे मशीद उभारली. तिमजली कमानींचा देखावा मात्र बराच नंतरचा, काजार काळातला. त्याच्या मागे फारसं काही नाही. मोहरममधले शोकसोहळे पाहायला बसण्याची ती सज्जांची भिंत आहे. चौकात पाहावा तो लाकडी नख्ल: पानाच्या आकाराचा अजस्र सांगाडा. आशुराच्या दिवशी काळी वस्त्रं, आरसे आणि तलवारी लावून इमाम हुसेनच्या ताबुताची खूण म्हणून असे नख्ल शेकडो माणसं खांद्यावर घेतात. चौकातला नख्ल आता इतका जुना झाला आहे की तो उचलत नाहीत. शेजारच्या दुकानांत कुत्ताब आणि पश्मक घ्यायला गर्दी. यझ्दी मिठाई इराणभर भेट म्हणून जाते.

आता वारा.

यझ्दच्या जुन्या गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे गवतमिश्रित मातीने लिंपलेल्या उंच आंधळ्या भिंती, मध्येच वरून कमानींनी झाकलेले पट्टे. सावली मिळावी म्हणून हे सगळं. दारावर दोन कड्या: पुरुषांसाठी जड दांडा, बायकांसाठी हलकं कडं. आवाजावरून दार कोणी उघडायचं ते आतल्यांना कळे. आत गेल्यावर अष्टकोनी देवडी, वळण, मग एकदम मोकळं अंगण आणि त्यात हौद. अंगणाच्या दक्षिणेची बाजू उन्हाळ्यात राहायची, उत्तरेची हिवाळ्यात. घरातल्या घरातच बिऱ्हाड हलवायचं. उन्हाळी दालनावर बादगीर.

हा मनोरा दिसतो तितका साधा नाही. आतून पातळ भिंतींनी त्याचे उभे कप्पे केलेले असतात. वारा ज्या बाजूने येतो तिथल्या कप्प्यातून खाली उतरतो, विरुद्ध बाजूच्या कप्प्यातून घरातली गरम हवा ओढली जाते. वारा पडला असला तरी काम थांबत नाही: उन्हाने मनोरा तापला की आतली हवा वर चढते आणि तळघरातली गार हवा तिची जागा घ्यायला येते. खाली हौद असला की झोत आणखी गार. उत्तरेकडे अर्दकान-मेयबोदला बादगीर एकाच दिशेला उघडे असतात, कारण तिथला कामाचा वारा एकाच दिशेने येतो. यझ्दला चारी बाजूंनी, कधी आठ. बाहेर डोकावणारे लाकडी वासे शोभेचे नाहीत, ते डागडुजीला चढायची कायमची परांची आहेत. दौलताबाद बागेतला अष्टकोनी बादगीर 33 मीटरहून उंच आहे. अठराव्या शतकात यझ्दचा खान मोहम्मद तकी याने ती बाग वसवली आणि मेहरीझकडून तिच्यासाठी कारीझ आणला. मूळ मनोरा कोसळला होता, आजचा 1960 च्या दशकात पुन्हा बांधलेला. त्याच्याखाली उभं राहिलं की शर्टाची बाही हलते.

मनोरा जितका उंच, वारा तितका स्वच्छ आणि जोरदार; आणि मालकाची पत दुरूनच दिसणारी. यझ्दचे धनिक एकमेकांच्या छपरांकडे पाहून बादगीर बांधत. याच शहरात, शतकानुशतकं, एका समाजाला एकही बादगीर बांधायची परवानगी नव्हती.

*

अरबांनी सातव्या शतकात सासानी साम्राज्य जिंकल्यावर जुना झरथुष्ट्री धर्म टिकवून राहिलेली माणसं हळूहळू आडबाजूला सरकत गेली. शेवटी उरली ती मुख्यतः यझ्द आणि किरमान या दोन वाळवंटी प्रांतांत. त्यांच्यावर जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरचा कर होता आणि जिझियाशिवाय रोजच्या जगण्याला वेसण घालणारे नियम होते. माल्कमच्या नोंदी वाचताना क्रूरतेपेक्षा तिचा बारकावा अंगावर येतो. 1885 पर्यंत अंगठी घालायची नाही. 1895 पर्यंत चष्मा नाही, छत्री नाही. आणि माल्कम तिथे असतानाही झरथुष्ट्र्याला शहरात छत्री बाळगता येत नव्हती. 1898 पर्यंत अंगरखा फक्त तपकिरी, करडा किंवा पिवळा. 1891 पर्यंत शहरात पायीच चालायचं, वाळवंटातही कोणताही मुसलमान समोरून आला तर गाढवावरून उतरायचं. त्याच सुमारास एका व्यापाऱ्याला भर चौकात पांढरे पायमोजे घातल्याबद्दल मार खावा लागला.

घरांचे नियम याच वळणाचे. भिंत इतकीच उंच की मुसलमानाने हात वर केला तर माथ्याला लागावा. दार एकाच फळीचं, दोन फळ्यांचं नाही. खोलीला तीन खिडक्या नाहीत. दाराभोवती चुन्याचे पांढरे शिंतोडे, ओळख पटावी म्हणून. आणि बादगीर नाही.

वर जायला बंदी. खाली खणायला मात्र नव्हती. यझ्दमध्ये खाली जाणं ही एरवी श्रीमंतांचीही रीत: अंगण खोल खणायचं, म्हणजे कारीझाचं पाणी हाताशी येतं, गारवा मिळतो, आणि निघालेल्या मातीच्या विटा त्याच घराला लागतात. झरथुष्ट्र्यांनी ती रीत सक्तीने उचलली. घर रस्त्याच्या पातळीखाली उतरत गेलं. ब्रिटिश अभ्यासक मेरी बॉइस 1963-64 साली अर्दकानजवळच्या शरीफाबाद गावात एका झरथुष्ट्री कुटुंबात राहिली. तिथली जुनी घरं तिने आपल्या 1977 च्या पुस्तकात वर्णिली आहेत. छोटंसं अंगण, भोवती उघडी ओसरीवजा दालनं, त्यांतलं एक फक्त धर्मकार्यासाठी राखलेलं आणि कटाक्षाने शुद्ध. दार अरुंद, बाहेरून आतलं काही दिसू नये असं. घराचा सारा दिमाख आतल्या बाजूला. बाहेरून दिसणारी एकच गोष्ट, बादगीर, ती तर वर्ज्यच.

हे बदललं कसं? यझ्दच्या आतून थोडं, आणि मुंबईहून बरंच.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द-किरमानचे निर्वासित मुंबई बंदरात उतरत होते आणि इथल्या पारशांना तिथली हलाखी ऐकू येत होती. मेहेरवानजी पांडे, दिनशा पेटिट अशा शेटजींनी पैसा उभा केला, संस्था काढली आणि 1854 साली माणेकजी लिमजी हातरिया यांना प्रतिनिधी म्हणून इराणला धाडलं. सुरतेजवळ जन्मलेल्या या गृहस्थांना तिथे साताठ हजारच सहधर्मी उरलेले आढळले, बहुतेक यझ्द आणि आसपासच्या खेड्यांत. हातरियांनी पुढची पस्तीसेक वर्षं त्यातच घातली. अग्याऱ्या दुरुस्त केल्या, शाळा काढल्या, यझ्दबाहेरच्या टेकडीवर नवा दोखमा, म्हणजे मृतदेह ठेवायचा मनोरा बांधला, गरिबांचा जिझिया मुंबईच्या पैशांतून भरला, आणि तेहरान दरबारात खेटे घालत राहिले. ब्रिटिश वकिलातीचं वजन वापरायचं, युरोपी राजदूतांच्या ओळखी करायच्या, शाहला अर्ज करायचे, अर्ज विसरला गेला की पुन्हा करायचे. 1882 साली नासिरुद्दीन शाहने झरथुष्ट्र्यांचा जिझिया रद्द केला. हातरिया 1890 साली तेहरानला वारले. अशा चिकाटीच्या कारकुनी कामाचे पुतळे होत नाहीत. व्हायला हवेत असं मला वाटतं.

फर्मान तेहरानहून निघालं तरी यझ्दच्या गल्लीत ते लगेच चालत नसे. माल्कमची यादी जिझियानंतरचीच आहे, आणि बादगिराचा नजराणा तर 18 वर्षांनंतरचा. तरीही चाक फिरलं होतं. यझ्दचेच सावकार अरबाब जमशीद जमशिदियान 1906 मध्ये इराणच्या पहिल्या मजलिसमध्ये, म्हणजे संसदेत, झरथुष्ट्र्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले. मुंबईचे पेशोतनजी मार्कर यांनी यझ्दला अनाथाश्रम आणि शाळा काढली. त्यांच्या नावाचा घड्याळमनोरा आजही तिथल्या चौकात आहे. 1934 साली मुंबईच्या पारशांच्या पैशांतून शहरात आतश बेहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाची अग्यारी, उभा राहिला. भारतात असे आठ आहेत, त्यांतले चार मुंबईत. इराणात हा एकच. त्यातला अग्नी इ.स. 470 पासून अखंड तेवत असल्याची परंपरा सांगतात. समोर गोल हौद, खांब, माथ्यावर पंख पसरलेला फरवहर हे झरथुष्ट्री चिन्ह; फोर्टमधून रोज जाणाऱ्याला इमारतीची धाटणी ओळखीची वाटेल. एक मोठा फरक आहे. मुंबईत परधर्मीयाला अग्यारीच्या दारातूनच परतावं लागतं. यझ्दला कोणीही आत जाऊन काचेपलीकडचा अग्नी पाहू शकतो.

वाहतूक दोन्ही दिशांनी होती. मुंबईचा पैसा यझ्दला जात होता, यझ्दची माणसं मुंबई-पुण्याला येत होती. कोपऱ्यावरची इराणी हॉटेलं, बेकऱ्या, संगमरवरी टेबलं हे सारं त्या स्थलांतरातून आलं. यझ्दजवळच्या खुर्रमशाह वस्तीतल्या दोखम्याच्या राखणदाराचा एक मुलगा, शहरियार, तरुणपणी दरवेशासारखा भटकत भारतात आला आणि शेवटी पुण्यात स्थिरावला. त्याचा मुलगा मेरवान 1894 साली पुण्यात जन्मला. अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादला ज्यांची समाधी आहे ते मेहेरबाबा हेच.

*

यझ्दमध्ये ज्यूही होते, त्यांच्यावरही असलेच नियम होते. त्या समाजातला 1945 साली यझ्दमध्ये जन्मलेला मोशे कत्साव पुढे इस्रायलचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच काळात इराणचे राष्ट्राध्यक्ष होते मोहम्मद खातमी, जवळच्या अर्दकानचे. 2005 मध्ये पोपच्या अंत्यविधीला दोघे जवळजवळ बसले. आपण फारसीत बोललो, असं कत्साव म्हणाले. खातमींनी साफ नाकारलं.

जुनं यझ्द 2017 साली जागतिक वारसा झालं. तोवर त्याच्या मूळ कुटुंबांपैकी बरीच बाहेर पडली होती. 1930 च्या दशकात रेझा शाहच्या राजवटीत गल्ल्या चिरत सरळ रस्ते काढले गेले, मोटारी आल्या, आणि ज्यांना परवडलं ते नव्या भागात गेले. मातीच्या घरांत अफगाण मजूर कुटुंबं राहू लागली. हवेल्यांची हॉटेलं झाली. बादगीर शाबूत आहेत, पण खालच्या खोल्यांत बहुधा कूलर चालतो. शहराची वस्ती 2016 च्या जनगणनेत सव्वापाच लाखांवर होती. टाइल्सचे आणि पोलादाचे कारखाने आहेत. एवढ्यांना कारीझ पुरत नाही. खोल बोअरनी पाण्याची पातळी खाली नेली आणि अनेक कारीझ आटले. आता यझ्दला झायंदेरूदचं पाणी इस्फहानकडून नळाने येतं. इस्फहानच्या शेतकऱ्यांची नदीच कोरडी पडू लागल्यावर त्यांनी 2013 साली ती यंत्रणा फोडली, 2021 साली पुन्हा. तांब्याच्या वाटीने मोजून दिलेल्या पाण्यावर तक्रार असेल तर मीराबाकडे जाता येई. नळाच्या दुसऱ्या टोकाला कोणाकडे जायचं, हे दोन्ही शहरांना अजून ठरवता आलेलं नाही.

दोखम्यांचा वापर अर्ध्या शतकापूर्वीच थांबला. टेकडीच्या पायथ्याशी आता दफनभूमी आहे, मृत्तिका विटाळू नये म्हणून सिमेंटने बांधलेल्या कबरींची. शहर तिथपर्यंत पोचलं आहे. झरथुष्ट्री वस्ती घटली, तेहरानला, कॅनडा-अमेरिकेला गेली. उरलेल्यांपैकी एक, सेपंता निकनाम, 2013 मध्ये यझ्दच्या नगरपरिषदेवर निवडून आला. मतदार बहुतांशी मुसलमान. 2017 मध्ये तो पुन्हा निवडून आला, आणि मग तेहरानच्या पालक परिषदेच्या प्रमुखांनी आक्षेप काढला: मुसलमान बहुसंख्य असलेल्या ठिकाणी बिगरमुस्लिमाने निवडून येणं शरियतला धरून नाही. निकनामचं सदस्यत्व स्थगित झालं. संसदेच्या सभापतींसह अनेकांनी त्याची बाजू घेतली, महिनोन्‌महिने वाद चालला. जुलै 2018 मध्ये संसद आणि पालक परिषद यांच्यातले तंटे सोडवणाऱ्या मंडळाने कौल दिला की अल्पसंख्याकांना स्थानिक परिषदांची निवडणूक लढवता येईल. निकनाम परत आपल्या खुर्चीत बसला. या वेळी नजराणा द्यावा लागला नाही. परवाना मात्र याही वेळी वरूनच यावा लागला.